चेनसॉची चेन आणि बार: ताण, तेल आणि धार राखायची कशी

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. या दोन वादळांनी कोकणात आडवे केलेले माड, पोफळी, आंबे, फणस हलवायला कटरवाल्याची वाट किती बघणार? पुष्कळ बागायतदारांनी तेव्हा स्वतःचा चेनसॉ घेतला आणि आता तो पडवीत कायमचा मुक्कामाला आहे. दुकानदार मशीन सुरू करून दाखवतो, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती मिसळायचं ते सांगतो आणि शिकवणी तिथेच संपते. चेन आणि बार यांच्याबद्दल चकार शब्द नाही. मग थोड्याच दिवसांत कुरकुर सुरू होते: मशीन दाबल्याशिवाय कापत नाही, काप तिरका जातो, धूर येतो, चेन उतरते.

माझ्या मते यातल्या बहुतेक तक्रारींचा इंजिनाशी काही संबंध नसतो. कार्बोरेटरचे स्क्रू पिळण्याआधी चेन हातात घेऊन बघा. गंमत अशी की चेनकडे बघणारेही बारकडे बघत नाहीत. बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती नुसती लोखंडी पट्टी, तिला काय होणार, असा समज असतो. म्हणून या लेखात बारला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

सगळी मापं १८ ते २२ इंची बार आणि ५२-५८ सीसी इंजिनाच्या पेट्रोल मशीनला धरून लिहिली आहेत, कारण बागांमध्ये तीच जास्त दिसतात. लहान विजेच्या किंवा बॅटरीच्या मशीनलाही पद्धत हीच, मापं तेवढी बदलतात.

काय काय जवळ हवं

- मशीनसोबत आलेला पाना. एका टोकाला नटाचं तोंड आणि दुसऱ्या टोकाला पेचकस असतो. हरवला तर लगेच दुसरा घ्या, पकडीने नट फिरवू नका.
- चेनच्या मापाची गोल कानस, लाकडी मुठीसकट. शक्यतो दोन घ्या.
- कानशीवर बसणारा गाइड, ज्यावर ३० अंशांच्या रेघा असतात.
- एक चपटी कानस, बारीक दात्यांची.
- डेप्थ गेज (दात्यापुढचा उंचवटा) मोजायची छोटी पट्टी.
- चेन ऑइल आणि छोटी ग्रीस गन.
- हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा, जुना दातांचा ब्रश, फडकं, मार्कर.
- जाड हातमोजे आणि गॉगल. मोजे कापण्यापेक्षा चेन हाताळतानाच जास्त कामाला येतात.

मशीनचं माहितीपुस्तक हरवलं असेल तर बारच्या शेपटाकडे, म्हणजे नटाजवळ, जे आकडे कोरलेले असतात त्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात तोच कागद म्हणून चालतो.

१. आपल्या चेनचं माप ओळखा

दुकानात जाऊन “बावीस इंची चेन द्या” म्हणू नका. इंच हे बारच्या लांबीचं माप आहे. चेन जुळायला तीन गोष्टी लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या.

ड्राइव्ह लिंक म्हणजे चेनच्या खालच्या बाजूला असलेल्या, बारच्या खाचेत उतरणाऱ्या टोकदार कड्या. त्यांची जाडी म्हणजे गेज. पिच काढायचा तर लागोपाठच्या तीन रिव्हेट (कड्या जोडणाऱ्या खिळ्या) पकडा, पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. हे अंतर साडेसोळा मिलिमीटर आलं तर पिच .३२५ इंच, एकोणीस आलं तर ३/८ इंच. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५८ सीसी मशीनवर २२ इंची बार असेल तर बहुधा .३२५ पिच, .०५८ गेज (म्हणजे दीड मिलिमीटर) आणि ८६ ड्राइव्ह लिंक असतात. २० इंचीला सहसा ७६, १८ इंचीला ७२. तरी आपल्या चेनवरच्या कड्या एकदा मोजाच. दोन कंपन्यांचे २२ इंची बार असले म्हणून त्यांची चेन एकच असते असं नाही.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे गेज. १.३ मिमीची चेन १.५ मिमीच्या खाचेत अगदी सहज बसते, म्हणून जुळली असं वाटतं. ती आत लडबडते आणि खाच वाकडी झिजवते. उलट जाडी जास्त असेल तर चेन बसतच नाही, म्हणजे निदान नुकसान तरी होत नाही. दुसरं म्हणजे ३/८ पिचमध्ये दोन प्रकार आहेत. लहान मशीनवरची लो-प्रोफाइल आणि मोठ्या मशीनवरची पूर्ण उंचीची. आकडा तोच, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत आणि कानसही वेगळी लागते.

कानशीची मापं लिहून ठेवा: ३/८ लो-प्रोफाइलला ४.० मिमी, .३२५ ला ४.८ मिमी, पूर्ण उंचीच्या ३/८ ला साधारणपणे ५.२ मिमी.

२. उघडा आणि साफ करा

स्विच बंद करा, प्लगची टोपी ओढून बाजूला ठेवा. मशीन गरम असेल तर आधी निवू द्या.

कव्हरचे नट सोडण्याआधी चेन ब्रेक सुटलेला आहे ना ते बघा, म्हणजे पुढची दांडी हँडलकडे मागे ओढलेली असली पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये ब्रेकचा पोलादी पट्टा कव्हरमध्येच असतो. ब्रेक लागलेला असताना कव्हर काढलं की पट्टा आवळलेलाच राहतो आणि परत लावताना कव्हर क्लच ड्रमवर चढता चढत नाही. नवखी माणसं यात अर्धी दुपार घालवतात, मग हातोडी आणतात. हातोडीचं काम नाही, पट्टा परत सैल करायचा असतो.

कव्हर निघालं की आत तेलात मळलेला भुसा ठासलेला दिसेल. माड कापला असेल तर त्याचे दोरे क्लचभोवती गुंडाळलेले असतात. सगळं ब्रशने काढा. बार ज्या जागेवर टेकतो तिथे मशीनच्या अंगात एक बारीक भोक आहे, तेल तिथून बारमध्ये येतं. ते भोक आणि त्याच्यासमोर येणारं बारमधलं भोक, दोन्ही तारेने मोकळी करा.

३. बार तपासा

बारच्या कडेने सगळीकडे एक खाच आहे आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. चेन या कडांवरून धावते. बारचं सगळं दुखणं या कडांमध्ये आणि खाचेत असतं.

आधी खाच. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा आत घालून शेपटाकडून टोकाकडे ओढत न्या. काळा चिकट लगदा बाहेर येईल. हा लगदा तेलाला पुढे जाऊ देत नाही. वरून तेलाची टाकी भरलेली आणि आत बार कोरडा, ही स्थिती यामुळेच येते.

मग कडा. बोट न फिरवता (कापतं), नखाने बारच्या बाजूवरून कडेकडे या. नख अडकलं तर कडेला बावर आली आहे, म्हणजे धातू दबून बाहेर पसरला आहे. बार व्हाइसमध्ये धरा आणि चपट्या कानशीने ही बावर उतरवा. वेळेवर नाही उतरवली तर तिचे तुकडे पडतात आणि कडेला खळगे पडतात.

दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत का, हे बघायची सोपी युक्ती: काचेवर किंवा सपाट टेबलावर बार कडेवर उभा करा. सरळ उभा राहिला तर ठीक. एका बाजूला कलला तर एक कड झिजली आहे. अशा बारवर नवी कोरी चेन चढवली तरी काप चंद्रकोरीसारखा वाकतो आणि माणूस बिचारा चेनला शिव्या घालत बसतो. थोडा फरक असेल तर कानस कडांना काटकोनात धरून दोन्ही सारख्या करता येतात. फरक जास्त असेल तर नवा बार घेणं बरं.

खाच रुंद झाली आहे का, हे चेन चढवल्यावर कळतं. एक छोटी सरळ पट्टी बारच्या बाजूला आणि दात्याच्या बाजूला टेकवा. पट्टी आणि बार यांच्यात थोडी फट राहायला हवी. फट अजिबात राहत नसेल आणि चेन एका अंगाला कलत असेल, तर खाच पसरली आहे. हातोडीने ठोकून खाच आवळून देणारे भेटतात. त्याने काही दिवस निघतात, पण कडा कुठे घट्ट कुठे सैल होतात. माझा त्यावर विश्वास नाही.

कडेवर निळसर-जांभळे डाग दिसले तर बार तापला आहे. कारण दोनच: तेल पोचत नव्हतं किंवा चेन फार आवळलेली होती.

टोकाला छोटं चक्र असेल तर ते बोटाने फिरवून बघा. मोकळं फिरलं पाहिजे. त्याच्याजवळ बारीक भोक असेल तर ग्रीस गनने ग्रीस भरा, चक्र फिरवत पुन्हा भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत. भोक नसेल तर ग्रीसची गरज नाही, चेनचं तेल त्याला पुरतं.

शेवटी बार उलटा करून बसवा. खालची कड वर, वरची खाली. कापताना बहुतेक भार एकाच कडेवर येतो, त्यामुळे तीच झिजते. दर वेळी धार लावली की बार उलटा करायचा, अशी सवय ठेवली तर बार पुष्कळ जास्त टिकतो. “मग त्यावरचं कंपनीचं नाव उलटं दिसतं” ही तक्रारही मी ऐकली आहे.

४. चेन चढवा

बारच्या वरच्या कडेवर दात्यांची धार टोकाकडे तोंड करून हवी. एवढं एक लक्षात ठेवा. उलटी चेन कापत नाही, लाकूड नुसतं घासून धूर काढते आणि माणसाला वाटतं नवीन चेनही बोथटच निघाली.

चेन आधी क्लचजवळच्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रावर) अडकवा, मग बारभोवती टोकापर्यंत घाला. ताण देणाऱ्या स्क्रूला एक छोटी खुंटी असते. ती बारच्या भोकात नीट बसली पाहिजे. ती बाहेर राहिली आणि कव्हर आवळलं तर खुंटी वाकते किंवा कव्हर फुटतं. कव्हर लावा, नट हाताने बसतील एवढेच फिरवा. अजून आवळू नका.

५. ताण द्या

ताण देताना नट सैल असले पाहिजेत. घट्ट नटांवर स्क्रू पिळला तर स्क्रूचे आटे जातात.

एका हाताने बारचं टोक वर उचलून धरा आणि धरूनच ठेवा. बारच्या भोकांमध्ये थोडी जागा असते. टोक खाली लोंबत असताना ताण दिला तर पहिल्या कापातच बार वर सरकतो आणि चेन सैल पडते. टोक उचललेलं असताना स्क्रू फिरवत जा. खाली लोंबणारी चेन बारच्या खालच्या कडेला येऊन टेकली की किंचित आणखी फिरवा आणि थांबा. टोक तसंच वर धरून नट आवळा.

आता तपासा. चेनच्या खालच्या बाजूला मधोमध धरून ओढा. ती थोडी सुटेल, पण ड्राइव्ह लिंकची टोकं खाचेच्या बाहेर पूर्ण येता कामा नयेत. सोडली की चटकन परत बसली पाहिजे. नंतर मोजे घालून वरची बाजू हाताने पुढे ओढा. पूर्ण फेरा विनासायास फिरला पाहिजे. हाताने फिरत नसेल तर जास्त आवळली आहे.

काम करताना चेन तापून लांबते आणि लोंबते. तेव्हा मशीन बंद करा, जरा निवू द्या आणि मग ताण बघा. तापलेल्या चेनला तसाच ताण दिलात तर काम संपल्यावर आठवणीने सैल करा. निवताना चेन आखडते आणि इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, बेअरिंगला ओढत राहते. संध्याकाळी आवळून ठेवलेलं मशीन सकाळी बेअरिंग घेऊन बसतं, ते यामुळे.

६. तेल पोचतंय का

पेट्रोलची एक टाकी संपते तोवर तेलाची टाकीही बरीचशी उतरली पाहिजे. तेल जवळपास तेवढंच राहिलं असेल तर काहीतरी तुंबलं आहे. पेट्रोल भरताना दर वेळी तेलही भरा. दोन्ही झाकणं शेजारी-शेजारी असतात. घाईत पेट्रोल तेलाच्या टाकीत जातं, म्हणून एका झाकणावर रंगाचा ठिपका देऊन ठेवा.

चाचणी अशी: मशीन सुरू करा, बारचं टोक एखाद्या फिक्या रंगाच्या पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरा आणि मध्यम रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर पंप चालू आहे. टोक पुठ्ठ्याला किंवा जमिनीला टेकवू नका. रेघ येत नसेल तर आधी बारची खाच आणि दोन्ही भोकं पुन्हा साफ करा, मग टाकीतली जाळी. पंपाकडे शेवटी जायचं.

तेल कुठलं? चेन ऑइल चिकट असतं, त्यामुळे वेगात फिरणाऱ्या चेनवरून उडून जात नाही. ते मिळत नसेल तेव्हा गाडीचं नवं इंजिन ऑइल चालवून घेता येतं, उडतं जास्त एवढंच. गॅरेजमधलं काळं, वापरलेलं तेल मात्र घालू नका. फुकट मिळतं म्हणून मोह होतो. त्यात धातूचा चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. शिवाय ते तुषार होऊन अंगावर आणि मातीत जातं, कातडीला ते वाईटच. घरचं खोबरेल घालणारेही आहेत. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी टाकीत लोणी! इतर खाद्यतेलं पातळ राहतात, पण मशीन काही आठवडे पडून राहिलं की त्यांचा चिकट थर होतो आणि चेन बारला चिकटते.

७. धार लावा

धार गेली हे भुशावरून ओळखा. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट चेन पीठ काढते. दाबावं लागलं, धूर आला, की थांबायचं. बोथट चेन दामटण्यात चेन, बार, क्लच आणि तुमची कंबर सगळंच झिजतं. माडाच्या बाबतीत एक सवलत द्या. त्याच्या तंतूंमुळे चांगली चेनही बारीक भुसा आणि दोरे काढते. तिथे मशीन स्वतःच्या वजनाने खाली उतरतंय का, ते बघा.

दाता नीट बघून घ्या. वर एक छोटं छत आहे, बाजूला एक भिंत, आणि दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा. लाकूड खरं तर हा कोपरा तोडतो. दात्याच्या पुढे जो उंचवटा आहे तो डेप्थ गेज, त्याच्याकडे पुढच्या पायरीत येऊ. या वळलेल्या दात्याची कल्पना अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली. त्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली. ती तंतूंच्या दिशेने आणि आडवीही सारख्याच सहजतेने लाकूड खात होती, डावी-उजवीकडे जबडे चालवत. चेनवरही म्हणूनच एक दाता डावा, एक उजवा. माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा काय करतो हे बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आता कृती. बार व्हाइसमध्ये घट्ट धरा. बागेत असाल तर ओंडक्यावर एक खाच मारा आणि बार तिच्यात अडकवा. मशीन हललं तर धार लागत नाही. सगळ्यात आखूड झालेला दाता शोधा, त्याच्यावर मार्करने खूण करा आणि तिथून सुरुवात करा.

कानस दात्याच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला ढकलायची. फक्त ढकलताना दाब, मागे घेताना उचलून घ्यायची. मागे-पुढे घासली तर कानशीचे दाते लवकर जातात. कानस आडवी, बारच्या पातळीशी समांतर. वरून बघितलं तर बारशी काटकोन नाही, छताच्या धारेनुसार साधारण ३० अंशांचा तिरपा कोन. गाइडवरच्या रेघा बारला समांतर ठेवल्या की हा कोन आपोआप मिळतो. काही चेनना २५ अंश लागतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या छताच्या वर दिसला पाहिजे. फार खाली घातली तर दाता आकड्यासारखा होतो, चावतो आणि लगेच बोथटतो. फार वर राहिली तर धार सरकून जाते, कापतच नाही.

नेहमीच्या धारेला प्रत्येक दात्याला दोन-तीन घास पुरतात. मोजून मारा, सगळ्यांना सारखेच. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त लागतो आणि त्या बाजूचे दाते हळूहळू आखूड होतात. काप ज्या बाजूला वळतो त्या बाजूचे दाते लांब किंवा जास्त धारदार आहेत, असं समजा आणि लांबी मोजून सारखी करा. बार सरळ असल्याचं तिसऱ्या पायरीत बघितलं असेल तरच हा निष्कर्ष काढा.

धार लागली का? दाता उन्हात धरा. धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे. धारदार कड प्रकाश परत फेकत नाही.

चेन दगडाला किंवा खिळ्याला लागली असेल तर दोन-तीन घासांनी भागत नाही. छतावर क्रोमचा पातळ, कडक थर असतो. तो जिथपर्यंत उडाला आहे तिथपर्यंत दाता मागे घासावा लागतो. नाहीतर धार दिसते, पण पहिल्या कापात मोडते. एक दाता इतका मागे गेला की बाकीचेही त्याच्या लांबीला आणावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, चहा पिऊन बसा.

ग्राइंडरवर मिनिटात धार लावून देणारेही बाजारात असतात. चाक जास्त टेकलं की दाता निळा पडतो, पोलादाचं पाणी बिघडतं आणि त्यानंतर कानस त्यावरून नुसती घसरते. फार बिघडलेली चेन सरळ करायला यंत्र ठीक, रोजच्या धारेला हातची कानस.

८. डेप्थ गेज

दात्यापुढचा उंचवटा दाता किती खोल घुसेल ते ठरवतो. दाता घासला की त्याचं छत किंचित खाली येतं, पण उंचवटा तिथेच राहतो. म्हणून काही धारा झाल्या की चेन अगदी धारदार दिसते आणि तरी खात नाही. तीन-चार वेळा धार लावली की हे बघायचं.

पट्टी चेनवर ठेवा. खाचेतून उंचवटा वर डोकावला तर तेवढाच चपट्या कानशीने उतरवा. .३२५ आणि ३/८ पिचला दात्याच्या छतापेक्षा ०.६५ मिमी खाली, हे नेहमीचं माप. घासून झालं की उंचवट्याचा पुढचा कोपरा गोल करा.

“जरा जास्त घासला की मशीन भराभर कापतं” हा सल्ला ऐकू नका. जास्त खाली गेलं की दाता लाकडात खोल रुततो, मशीन हिसके देतं आणि बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला तर पूर्ण बार तुमच्या तोंडाकडे उसळतो. याला किकबॅक म्हणतात. त्यात माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. पट्टीशिवाय, अंदाजाने डेप्थ गेज घासू नका.

९. स्प्रॉकेट

कव्हर काढलंच आहे तर क्लचजवळचं स्प्रॉकेट बघा. चेनने त्याच्यावर चरे पाडलेले असतात. ते अर्धा मिलिमीटर खोल गेले की बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन लावली तर ती लवकर ताणते. साधारण दोन चेन झिजल्या की एक स्प्रॉकेट. बदलताना ध्यानात ठेवा, क्लचचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. जमत नसेल तर हे एक काम मेकॅनिककडे द्या.

१०. धार जाऊच नये म्हणून

वादळात पडलेल्या झाडाला माती लागलेली असते, आणि समुद्राकाठच्या माडाच्या खोडात वाळू अडकलेली. शिवाय माडाचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा कितीतरी कठीण. कापायच्या जागी कोयत्याने साल आणि माती खरवडून घ्या, पाणी जवळ असेल तर धुवा. बांधावरच्या जुन्या झाडांत काटेरी तार आणि खिळे गिळलेले असतात, ते आधी शोधा. बांबूतही वाळूसारखं सिलिका असतं, धार लवकर घालवतं.

सगळ्यात जास्त चेन जमिनीला टेकून मरतात. जांभ्याला एकदा टोक घासलं की सगळे दाते एकदम गेले. ओंडक्याखाली दांडा सारा. ते शक्य नसेल तर दोन तृतीयांश कापा, ओंडका फिरवा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा.

आणि उभं झाड तोडायचं असेल तर स्वतःच्या बागेत असलं तरी काही जातींना महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी लागते. धार लावायच्या आधी वनखात्यात विचारून घ्या.

११. पावसाळ्याची ठेवण आणि नवी चेन

पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर पेट्रोलची टाकी रिकामी करा, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. चेन काढून झाकणाच्या डब्यात तेलात बुडवून ठेवा. बारच्या खाचेत तेल सोडा. कोकणच्या दमट हवेत उघड्या चेनच्या रिव्हेट गंजून आखडतात, मग कड्या वळत नाहीत. अशी चेन बारच्या टोकावरून जाताना अडखळते.

दात्याच्या छताची लांबी चार मिलिमीटरवर आली की चेन बदलायची. कित्येक चेनच्या दात्यावर एक तिरकी रेघ कोरलेली असते, तिथपर्यंत झिजली की संपली. तडा गेलेली कडी किंवा सैल झालेली रिव्हेट दिसली तर दाते कितीही चांगले असोत, चेन टाकून द्या. तुटलेली चेन वेगात सुटते.

नवी चेन चढवायच्या आदल्या रात्री तेलात भिजत ठेवा, म्हणजे रिव्हेटच्या आत तेल शिरतं. चढवल्यावर ताण बघा, दोन-तीन मिनिटं मध्यम रेसवर मोकळी चालवा, मशीन बंद करा, निवू द्या, पुन्हा ताण बघा. पहिले काही काप बारीक फांद्यांवर घ्या. नवी चेन सुरुवातीला भराभर सैल होते, त्यामुळे पहिल्या दिवशी पेट्रोल भरताना दर वेळी बारचं टोक उचलून ताण तपासत राहा.